स्वीडनची यशोदा

या, अशा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलं की डोळा लागतो, आणि कथा निम्मीच घरी जाते. चहा झाला असेल तर कप बाजूला ठेवा, आणि मन इकडे द्या. आज सांगायची कथा पुराणातली नव्हे. दोन हजार बारा सालच्या गोकुळअष्टमीची आहे, म्हणजे अगदी अलीकडची. घडली आयर्लंडात, डब्लिनच्या पश्चिमेला ओंगार नावाची नवी वसाहत आहे तिथं. एका मायलेकींमधला अबोला भर कीर्तनात कसा फुटला, ते ऐका. ऐकून उठाल तेव्हा पदरात काहीतरी घेऊन उठाल, एवढा शब्द देऊन ठेवते.

तर ओंगारला रेवती राहायची. आधी पुण्याची, मग स्वीडनातल्या गोटेबर्गची, मग इथली. नवरा आशिष संगणकातला. त्याची नोकरी जिकडे जाईल तिकडे हिनं पोळपाट-लाटणं उचलायचं. गोटेबर्गला नुसतं बसून काय करायचं, म्हणून ती तिथल्या सरकारी वर्गात जाऊन स्वीडिश शिकली. दुकानापुरती नव्हे, चांगली कादंबऱ्या वाचण्याइतकी. ओंगारला आल्यावर त्या भाषेचं करायचं काय, हा प्रश्नच होता. आशिष म्हणायचा, "लोणचं घाल, मुरेल छान."

भाषा मुरायच्या आधीच तिला गिऱ्हाईक मिळालं, तेही बसथांब्यावर. शेजारी एक बाई उभी होती. सावळी, रुंद कपाळाची, केसांचा सैलसा अंबाडा. कोथरूडच्या मंडईत सोडली असती तर भाजीवाल्यानं "काय देऊ वहिनी" म्हणून हाक मारली असती. रेवतीला काही राहवलं नाही.

"तुम्ही पुण्याच्या का हो?"

बाई ओशाळून हसली. इंग्रजीत म्हणाली, माफ करा, मला तुमची भाषा येत नाही. पण त्या इंग्रजीला एक झोका होता, वाक्याच्या शेवटी हलकेच वर जाणारा. तो झोका रेवतीनं पाच वर्षं रोज ऐकला होता. तिनं स्वीडिशमध्ये विचारलं, "मग ही भाषा येते का?"

बस आली, दार उघडलं, दार मिटलं, निघून गेली. या दोघी तिथंच उभ्या.

तिचं नाव सिग्ने हॉल्मग्रेन. जन्म पुण्याचा. दोन वर्षांची असताना तिथल्या अनाथाश्रमातून एका स्वीडिश जोडप्यानं तिला दत्तक नेलं. वाढली व्हेटर्न नावाच्या मोठ्या सरोवराकाठच्या लहानशा गावात. नवरा डोनल आयरिश, घर जवळच क्लोन्सिलाला. पहिल्यांदा रेवतीकडे आली तेव्हा दारातच बूट काढून, नीट जोडून ठेवले तिनं. रेवतीला भरून आलं. म्हणाली, "बघ, रक्तातच असतं हे."

"रक्तात कसलं?" सिग्ने म्हणाली. "स्वीडनमध्ये सगळेच काढतात. बर्फ असतो बाहेर."

तिथल्या मराठी मंडळातल्या बायकांना मात्र ती कोड्यासारखी वाटायची. चेहरा आपला, आणि तोंडातून मराठीचं अक्षर नाही. उल्काकाकू पेटी वाजवणाऱ्या, मनानं प्रेमळ, पण चौकशीशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. त्यांनी विचारलं, "मूळच्या कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

"व्हेटर्नच्या काठच्या," सिग्नेनं इंग्रजीत सांगितलं.

उल्काकाकू रेवतीकडे वळून हळूच म्हणाल्या, "ते सांगलीकडे येतं का गं?"

सिग्ने हसायची. पण मूळ हा शब्द उच्चारला की तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून जायचं, ते रेवतीला दिसायचं.

आता मुद्द्याचं सांगते. सिग्नेनं स्वीडिशमध्ये एक कादंबरी लिहिली होती, आणि तिकडे ती बरीच गाजली होती. पुण्याहून लहान गावात आणलेली मुलगी आणि तिची कडक शिस्तीची आई, अशी गोष्ट. मुलगी घरात येते त्याच दिवशी आई तिच्या अंगावरचा पिवळा झगा उतरवते आणि चुलीत घालते. पुढे पुस्तकभर ती मुलगी आपलं असं काही शोधत फिरते. शेवटी मोठी होऊन आईच्या दारात येऊन उभी राहते. दार बंद. पुस्तक तिथंच संपतं.

कादंबरीच ती. पण लहान गाव म्हणजे लहान गाव, मग ते साताऱ्याकडचं असो की स्वीडनचं. गावानं पुस्तक वाचलं आणि बोट दाखवून मोकळं झालं, ही ती बाई. सिग्नेची आई बिर्गिट, वय बहात्तर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. उभा जन्म चर्चच्या गायनवृंदात गायलेली. तिनं पुढच्याच रविवारपासून चर्चमध्ये गाणं सोडलं. लेकीवर रागावली नाही, रडली नाही, पुस्तकाचं नावसुद्धा काढलं नाही. फक्त फोनवर हवामान बोलायला लागली.

"आज इथं ऊन आहे. तुझ्याकडे?"

"पाऊस."

"बरं."

दोन वर्षं हे असं चाललं. मग त्या ऑगस्टात डोनलनं कोणाला न विचारता सासूला तिकीट पाठवून दिलं. बिर्गिट आली. येताना लेकीसाठी वेलदोड्याचे पाव घेऊन आली, आणि समोरासमोर बसून हवामान बोलू लागली. आयर्लंडात त्या विषयाला तोटा नाही. दर दहा मिनिटांनी ढग नवा.

रेवतीच्या स्वयंपाकघरात सिग्ने एकदा ओट्याला टेकून म्हणाली, "मंगळवारी जाईल ती. अशीच गेली तर परत यायची नाही. मी ओळखते तिला. ती दार आपटत नाही, नुसतं लावून घेते."

"मग तू बोल ना."

"काय बोलू? पुस्तकातली बाई तू नाहीस, असं सांगू? अर्धी तीच आहे. झगा तिनं खरंच जाळला होता. मावशीनं सांगितलंय मला."

रेवतीनं चहात आलं किसलं.

आता कथेतलं मुख्य माणूस आत येऊ द्या. रेवतीच्या सासूबाई नंदाताई, कऱ्हाडच्या. तीस वर्षं नारदीय कीर्तन करणाऱ्या. नऊवारी, कमरेला उपरणं, हातात झांजा, आणि आवाज असा की मंडपात शेवटच्या रांगेतलं रडणारं मूल गप्प व्हावं. मुलाकडे तीन महिने राहायला आल्या होत्या. ओंगारला सगळं त्यांना आवडलं, फक्त दुपार सरता सरेना. म्हणाल्या, "रेवती, काहीतरी वाचून दाखव गं पोरी. कान उपाशी आहेत."

घरात हाताशी होती ती सिग्नेची कादंबरी. मेथी निवडता निवडता रेवती स्वीडिशमध्ये वाचायची आणि मराठीत सांगायची. नंदाताई ऐकता ऐकता कधी मान डोलवायच्या, कधी मेथीची काडीच तेवढी ठेवून पानं टाकून द्यायच्या. बंद दारापाशी पुस्तक संपलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "मग पुढे?"

"संपली."

"अशी कशी संपली? श्रोत्यांना उंबऱ्याबाहेर उभं ठेवून कोणी आरती करतं का?"

"हल्लीच्या कथा अशाच असतात, आई."

"असतील. पण हे घडलंय ना गं खरंच, त्या आपल्या सिग्नेच्या घरी?"

"तिचंच आहे सगळं. तिनंच लिहिलंय," रेवती म्हणाली आणि कुकर लावायला उठली. तिला म्हणायचं होतं की लेखिका ती आहे. पण नंदाताईंच्या धंद्यात जे सांगितलं जातं ते घडलेलंच असतं. ध्रुवाचं घडलं, चिलयाचं घडलं, तसं सिग्नेचंही घडलं. त्यांनी ते मनात जपून ठेवलं, आणि सुनेला त्याचा पत्ता लागला नाही.

अष्टमीचं कीर्तन रविवारी दुपारी, वसाहतीच्या हॉलमध्ये ठरलं. तबल्याला डॉक्टर राजीव कासलबारहून येणार होते. तिथल्या इस्पितळात ड्यूटी संपवून, गाडीच्या डिकीत तबला-डग्गा घालून, उभा देश आडवा कापत. आशिष हॉलच्या भानगडीत होता, आणि तिकडच्या लोकांसारखं 'तो माणूस' म्हणायच्या जागी 'युअर मॅन' म्हणू लागला होता. फोन ठेवून म्हणाला, "झालं, युअर मॅन किल्ली घेऊन येतोय. सगळं ग्रँड."

नंदाताई म्हणाल्या, "भलता कामाचा माणूस दिसतो हा युअरमॅन. परवा गॅसवालापण तोच होता ना रे?"

रेवतीनं सिग्नेला बोलावलं होतं, आणि मोठ्या आशेनं म्हटलं होतं, आईलाही आण. तिच्या मनात हिशेब साधा होता. यशोदेचं आख्यान असणार. जन्म न दिलेली आई, आणि तिच्याच नावानं ओळखला जाणारा देव. मी कानात स्वीडिश सांगत जाईन. ऐकून म्हातारीला जरा बरं वाटेल, झालं.

बिर्गिट आली ती निळ्या कार्डिगनमध्ये, ताठ, पांढरे केस मागे घट्ट बांधलेली. दारात बुटांचा ढीग बघून तिनं काही न विचारता आपलेही काढले. डोनललाच सांगावं लागलं. तिला पहिल्या रांगेत खुर्ची दिली. एका बाजूला रेवती, दुसऱ्या बाजूला सिग्ने. मायलेकींमध्ये वीतभर जागा, आणि त्या जागेत दोन वर्षं बसलेली.

पूर्वरंग छान रंगला. नंदाताईंनी एकच प्रश्न घेतला होता, नातं कशानं होतं, रक्तानं की हातानं? लोण्याचा गोळा भरवणारा हात, उखळाला बांधणारा हात, माती खाल्ली म्हणून गालावर चापट मारणारा हात. रेवती कानाशी लागून सांगत होती. बिर्गिट पुढं बघत ऐकत होती. चापटीच्या वेळी तिच्या ओठांचा कोपरा जरा हलला.

मग रीतीप्रमाणे मध्यंतर. कीर्तनकाराला हार घातला, कपाळाकपाळाला बुक्का लावला. बिर्गिटनं रेवतीला विचारलं, "राख आहे का? आमच्या चर्चमध्येही एका बुधवारी लावतात." आणि कपाळ पुढे केलं.

उत्तररंगाला नंदाताई उभ्या राहिल्या. झांजा वाजवल्या, थांबवल्या. पहिल्या रांगेकडे पाहिलं, त्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, आणि जे ठरवलं होतं ते त्यांनी बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "यशोदेची कथा तुम्हाला पाठ आहे. म्हणून आज दुसऱ्या यशोदेची सांगते. ही गोकुळातली नव्हे बरं का. ही स्वीडनची."

सिग्नेला एवढा एक शब्द कळला, आणि तिनं वळून रेवतीकडे पाहिलं. आता उठून सासूचा पदर धरायचा तर भर सभेत कसा धरणार? कथा सुरू झाली होती. बर्फाचं गाव, गोठलेलं सरोवर, विमानातून उतरलेलं सावळं लेकरू, अंगावर पिवळा झगा. उल्काकाकूंची पेटी मंद धरून होती. नंदाताई बोलत नव्हत्या, दाखवत होत्या. हॉलमध्ये बसलेल्या माणसांनी नकळत शाली अंगाभोवती ओढून घेतल्या.

"आणि मग त्या माउलीनं काय केलं? लेकराच्या अंगावरचा झगा उतरवला, आणि घातला चुलीत."

ठेका थांबला.

"मायबाप, मला सांगा. जिनं सातासमुद्रापलीकडचं लेकरू आपलं म्हणून पोटाशी धरलं, ती बाई त्याचा झगा जाळील कशी? का जाळला असेल हो?"

कीर्तनात असे प्रश्न पडतच असतात. श्रोत्यांनी मान हलवायची असते. उत्तर कीर्तनकारच देतो, तेही पद म्हणून झाल्यावर. राजीवांचा हात पदाच्या उठावणीसाठी तबल्यावर तयार होता.

रेवती केव्हाच गप्प झाली होती. बिर्गिट तिच्याकडे वळली. "थांबलीस का? सगळे माझ्याकडे का बघताहेत?"

खोटं अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. बर्फाचं वर्णन चाललंय, असं म्हटलं की सुटलं. पण मग हेही हवामानच झालं असतं, आणि ते या बाईला दोन वर्षं पुरलं होतं. रेवतीनं जसंच्या तसं सांगितलं. बर्फ, विमान, झगा, चूल. आणि प्रश्नसुद्धा.

"ती मला विचारते आहे?"

"तसं नाही, ती एक पद्धत असते विचारायची. कोणी उत्तर—"

"विचारलंय तर उत्तर द्यायला हवं," बिर्गिट म्हणाली. आणि उभी राहिली.

हॉलमध्ये कुजबुज झाली. आशिष मागून अर्धा उठला. सिग्ने म्हणाली, "मम्मा, बस." बिर्गिट बसली नाही. चर्चमध्ये जन्मभर उभं राहून गायलेली बाई ती. हात समोर एकमेकांत गुंफून, खांदे मागे घेऊन ती नंदाताईंसमोर उभी होती.

नंदाताईंनी तीस वर्षांत काय काय पाहिलं होतं. कीर्तनात दिवे गेलेले, मंडपात साप निघालेला, आयोजकच दारू पिऊन आलेला. पण प्रश्नाचं उत्तर द्यायला उठलेला श्रोता त्यांनी पाहिला नव्हता. मग झांजा खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, "बोला, माउली. रेवती, उभी राहा. सगळ्यांना ऐकू येईल असं सांग."

रेवती आजवर चार माणसांपुढे कधी बोलली नव्हती. पण बिर्गिटनं सुरुवात केली होती, आणि वाक्य हवेत लोंबकळत ठेवता येत नाही.

"झगा मी जाळला, हे खरं आहे," बिर्गिट म्हणाली, आणि रेवतीनं ते मराठीत म्हटलं. मग एक वाक्य तिकडचं, एक इकडचं, असं चालू झालं.

"मुलीला खरूज होती, अंगभर. दवाखान्यातल्या बाईनं बजावलं होतं, अंगावरचं सगळं जाळून टाका. मी तिला आंघोळ घातली, मलम लावलं, नवे कपडे घातले. ती रडायची थांबेना. झग्याकडे हात करायची. तिचं म्हणावं असं दुसरं काहीच नव्हतं ना तिच्याजवळ. मग मी हातमोजे घातले आणि झगा उसवला. एकेक शिवण. तुकडे वर्तमानपत्रावर ठेवून माप काढलं. गावात तसलं पिवळं कापड मिळेना. स्वयंपाकघराचा पडदा पिवळा होता, तो उतरवला. त्याचा तस्साच झगा शिवला. मला शिवण चांगली येत नाही, सिग्नेला माहीत आहे. दोन दिवस लागले. तो अंगात घातला तेव्हा ती शांत झाली. मग मी जुना चुलीत घातला."

हॉलमध्ये आता पेटीचा एकच सूर होता. उल्काकाकू भाता ओढत होत्या आणि डोळ्यांना पदर लावायला त्यांचा हात मोकळा नव्हता.

"उसवताना एक दिसलं," बिर्गिट म्हणाली. "आतून, शिवणीत, दोन बोटं माया सोडलेली होती. घेरालाही दुमड घातलेली. कोणीतरी विचार केला होता, की ही वाढेल, मोठी होईल. मीही तेवढीच माया सोडली. ती शाळेत जाईपर्यंत दर वर्षी थोडा थोडा सैल करत गेले."

तोवर सिग्ने उभी राहिली होती. कोणाला कळत नव्हतं, कोणाचं भान नव्हतं, स्वीडिशमध्येच तिनं विचारलं, "तो फोटोतला पिवळा झगा? झोपाळ्यावरच्या फोटोतला? मला वाटायचं तो दुकानातला आहे."

"इतकं वेडंवाकडं शिवलेलं दुकानात मिळतं का?" बिर्गिट म्हणाली.

रेवतीनं हे मराठीत सांगितलं आणि सगळा हॉल खळखळून हसला. डॉक्टर राजीवांनी तर डग्ग्यावर थाप मारली. बिर्गिट चमकून मागे वळली. आपण काही बोललो आणि शंभर माणसं हसली, असं तिच्या आयुष्यात झालं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" सिग्नेचा आवाज चिरकला.

"तू विचारलं नाहीस," बिर्गिट म्हणाली. "तू लिहिलंस."

हे वाक्य रेवतीनं हळू सांगितलं. पण सांगितलं. सिग्ने पायांकडे बघत उभी होती, मोज्यांतल्या पायांकडे. मग वर बघून म्हणाली, "आता विचारते. मम्मा, आणखी काय काय आहे?"

"पुष्कळ आहे," बिर्गिट म्हणाली. "मंगळवारपर्यंत व्हायचं नाही."

नंदाताईंना हे सगळं सुनेच्या तोंडून कळत होतं, एक वाक्य उशिरानं, आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. कीर्तनकाराला काय लागतं? कथेला दार लागतं, माणसाला आत यायला. ते दार पुस्तकात नव्हतं, ते खुर्चीवर बसलं होतं. त्यांनी झांजा उचलल्या. म्हणाल्या, "जन्मभर मी प्रश्न विचारत आले. उत्तर आज ओंगारला मिळालं. धरा ठेका." आणि जागच्या जागी ओवी बांधली,

"एकीनं दिला गं जन्म, दुजीनं शिवला झगा,
दोहींच्या हाती बाई, एकाच सुईचा धागा."

राजीवांनी अशी काही उठावणी घेतली की रात्रभराच्या ड्यूटीचा शीण कुठल्या कुठे गेला. नंदाताईंनी दुसऱ्यांदा म्हटली, तेव्हा हॉलनं उचलली. तिसऱ्यांदा गोविंदाचा गजर त्यातूनच सुरू झाला, टाळ्या सुरू झाल्या, लोक उभे राहिले. आणि त्या गजरात एक वेगळाच आवाज मिसळला. बिर्गिट गात होती. शब्द तिला येत नव्हते, "गोविंद" तेवढा पकडला होता. पण ती सगळ्यांच्या सुरात गात नव्हती. त्या सुराच्या वर, त्याला धरून, चर्चमध्ये गातात तसा दुसरा सूर लावत होती. खालून नंदाताईंचा भरदार आवाज, वरून तिचा बारीक, स्वच्छ. दोन वर्षं बंद ठेवलेला गळा तो. नंदाताईंनी भुवया उंचावल्या, ऐकलं, आणि आपला सूर तसूभरही न हलवता तिला जागा करून दिली. उल्काकाकू नंतर सांगत, पेटीवर बोटं ठेवायची शुद्ध राहिली नाही.

सिग्ने आधी नुसती टाळ्या वाजवत होती. मग आईच्या सुराखाली तीही शिरली, लहानपणी चर्चच्या बाकावर शिरायची तशी. वीतभर जागा केव्हा मिटली, कोणी पाहिलं नाही. दारात हॉलचा तो किल्लीवाला उभा होता. वेळ संपल्याचं सांगायला आला होता बिचारा. तोही पायानं ताल धरून उभा राहिला.

आरतीच्या आधी नंदाताईंनी गळ्यातला हार काढला. कीर्तनकाराचा हार असा मधेच उतरत नाही. त्यांनी तो बिर्गिटच्या गळ्यात घातला आणि दोन्ही हातांनी तिला पोटाशी धरलं. बिर्गिट मिठीबिठीतली नव्हे. ती काठीसारखी उभी राहिली. आणि मग हळूहळू तिनं आपलं डोकं त्या नऊवारीच्या खांद्यावर टेकवलं.

प्रसाद वाटून झाला, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. बाहेर गाड्यांपाशी जोरजोरात आवाज येऊ लागले. सिग्ने हातवारे करत बोलत होती, बिर्गिट गळ्यात हार तसाच ठेवून बोटं नाचवत तिच्याहून मोठ्यानं बोलत होती. मावशीचं नाव येत होतं, गावाचं येत होतं, पुस्तकाचं येत होतं. पावसाची भुरभुर सुरू झाली तरी दोघींना त्याचं काही नव्हतं. डोनल गाडीचं दार उघडून शहाण्यासारखा गप्प उभा होता.

आशिष धावत रेवतीकडे आला. "अगं, त्या भांडताहेत का?"

"हो," रेवती म्हणाली.

"मग जा ना, सोडव."

"वेडा आहेस का? दोन वर्षांनी लागलंय भांडण. भांडू दे चांगलं पोटभर."

नंदाताई दारात उभ्या राहून बघत होत्या. भाषा कळत नव्हती, पण चाल कळत होती. "आता बरोबर चाललंय," त्या म्हणाल्या, आणि कमरेचं उपरणं सोडलं.

रेवती तिथंच उभी राहून ऐकत होती. अख्ख्या वसाहतीत ते भांडण समजणारी ती एकटीच. हवामानाचा एक शब्दही त्यात नव्हता. बिर्गिट म्हणत होती, नाताळला ये, आणि त्या चोंबड्या मावशीसमोर विचार मला सगळं. सिग्ने म्हणत होती, येते, आणि तो फोटो काढून ठेव, आणि आल्यावर मला शिवण दाखव, कुठं कुठं सैल केलीस ती. बिर्गिट म्हणाली, झगा आहे अजून. टाकते का मी? तेव्हा सिग्ने हसायला लागली, आणि बिर्गिटही. हार तुटून झेंडू ओल्या डांबरावर घरंगळले, आणि दोघी खाली वाकून ते वेचू लागल्या.

बिर्गिट मंगळवारी गेली. पुढच्या रविवारी ती आपल्या चर्चमध्ये गायला उभी राहिली, हे सिग्नेला कळलं ते फोनवर. आणि तो फोन इतका लांबला की डोनलनं स्वयंपाक करून, जेवून, भांडी घासून टाकली.

अशी ही स्वीडनच्या यशोदेची कथा. आता उठण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. यशोदा आपल्याला भेटली. पण पुण्यात कुणीतरी एक बाई होती, आई असेल, आश्रमातली आया असेल, आपल्याला ठाऊक नाही. पोर दूर जाणार हे तिला माहीत असेल किंवा नसेलही. पण शिवताना तिनं आत दोन बोटं माया सोडली. तिचं नाव कुठं लिहिलेलं नाही, तिच्या नावानं कुणी दिवा लावत नाही. आज घरी देवापुढं हात जोडाल, तेव्हा तिची तेवढी आठवण ठेवा.